माझ्या मडक्याला बाओत्यानने हात लावू नये

मी, गंग देशुन, राहणार ल्यूगोउ गाव, हबेई प्रांत, धंदा टोफू करण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर हे लिहीत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आज सकाळी मी लावलेला टोफू खाऊन पाहावा. शाळा दोनच हिवाळे झाली, म्हणून अक्षर वाकडं आहे. मतलब सरळ आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट सगळे लिहू नका म्हणतात, त्यावरूनच लिहिणं जरूर आहे हे मला कळलं.

एक. माझी शवपेटी मागच्या खोलीत तयार आहे. झाकण ओलीने फुगतं, म्हणून पावसाळ्यात तिच्याखाली विटा सरकवाव्यात. मी जिवंत असेतो तिच्यात कोणी मका भरू नये. गेल्या साली माझा पुतण्या बाओत्यान याने भरला होता, आणि उंदीर झाले ते वेगळेच.

दोन. दाबाच्या फळ्या, गाळायची फडकी आणि मोठी कढई शेजारच्या हौ वहिनींना द्यावी. माझा टोफू आंबट असतो असं त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या, आणि एकही दिवस न चुकता खात आल्या. आता स्वतः करून बघा म्हणावं.

तीन. हे मुख्य. आमच्याकडे पेटी उचलताना राखेचं मडकं जो फोडतो तोच वारस, हे शेंबडं पोरही जाणतं. मला मूलबाळ नाही, म्हणून थोरल्या भावाचा मुलगा बाओत्यान आत्तापासून टपून बसला आहे. त्याने मडक्याला हात लावू नये. ते ल्वान सुचिन हिने फोडावं. घर, अंगण व अंगणातलं जातं तिचं व्हावं. ती बाई आहे, आमच्या आडनावाची नाही, आणि गाव ज्याला अजून जपान्यांचा कुत्रा म्हणतं त्या ल्वान वानचांगची मुलगी आहे. तिन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत, कोणी येऊन सांगण्याची तसदी घेऊ नये.

कारणही लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारा चळला म्हणाल. जपानी फौजेकडे तोफा होत्या, आमच्याकडे फावडी. म्हणून गावाने जमिनीखाली भुयारं खणली. हवेचं एक भोक माझ्या जात्याच्या ओट्याखाली निघत होतं. ल्वान वानचांगला जपान्यांनी मुखिया नेमलं होतं. आधीच्या मुखियाने नकार दिला, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. वानचांग त्यांना अंडी पोचवी आणि आम्हाला त्यांच्या बातम्या.

एका सकाळी बर्फ पडलं असताना फौज आली. दोन-चार म्हाताऱ्या आणि वानचांग सोडून सगळं गाव खाली उतरलं. आता आमची अक्कल बघा. भोक दगडाने झाकलं, गवताने झाकलं, पण खाली माणसं श्वास घेतात आणि श्वास ऊन असतो, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. सगळं अंगण पांढरंशुभ्र, आणि जात्याच्या पायाशी काळी ओली माती. शत्रू मूर्ख होता, आंधळा नव्हता.

मी भोकाच्या अगदी खाली होतो. वानचांग पळत आला, वाकला आणि दगडाशी तोंड नेऊन म्हणाला, "देशुन, तुमच्या श्वासाने बर्फ वितळतंय. मी वरून कढत पाणी ओततो. पोळलं तरी ओरडू नका."

मग त्याने जपानी कप्तानाला आणून जात्याच्या ओट्यावर बसवलं. अर्धा चीन गिळायला निघालेल्या त्या वीराला स्वतःचे पाय काही ऊन ठेवता येत नव्हते. वानचांगने माझ्याच कढईतल्या पाण्याने ते धुतले, आपल्या गळपट्ट्याने पुसले, आणि घमेल्यामागून घमेलं ओतून अंगणाचा चिखल करून टाकला; भोकाजवळचा काळा डाग त्यातच हरवला. भोकातून पाणी गळून माझी मान भाजली. शेजारी माझ्या थोरल्या भावाला भीतीने उचकी लागली होती, म्हणून माझ्या बायकोने त्याच्या तोंडात टोपी कोंबली. फौज निघून गेली. अख्खं गाव वाचलं.

वर राहिलेल्या म्हाताऱ्यांनी फक्त कप्तानापुढे गुडघ्यावर बसलेला वानचांग पाहिला होता. लढाई संपल्यावर भर सभेत फितूर ठरवून त्याला बदडलं. मी उभा राहून सगळं सांगितलं, मानेचा डाग दाखवला. भाऊ हसत म्हणाला, "ह्याच्या मानेबरोबर डोकंही भाजलंय." सभा हसली. भावाने वानचांगचं बोलणं माझ्याइतकंच ऐकलं होतं. पण तोंडात टोपी होती, ती काढायला तो पुढे जन्मभर विसरला. त्या माराने वानचांग त्याच हिवाळ्यात गेला. त्याला गावाच्या मसणात जागा दिली नाही, नाल्याकाठी पुरला.

आज बाओत्यान शाळेच्या पोरांना माझ्या अंगणात आणून सांगतो, की इथे त्याच्या बापाने भाल्याने कप्तानाला पळवलं. आता त्याला घर हवंय, भिंतीवर बापाच्या नावाचा दगड बसवायला. मी वानचांगचं नाव काढलं तर म्हणतो, "काका, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, मग तुझ्या बापाला तरी काय पडतो? तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. एवढा एक फायदा झाला.

सुचिनला मी मडक्याचं विचारलं. ती दर शरदात रताळी घेऊन येते आणि मागच्या दाराने जाते. म्हणाली, "काका, गाव मला पेटीजवळ उभीसुद्धा राहू देणार नाही." हीच मला रात्रंदिवस धास्ती. मेल्यावर मी काही उठून भांडू शकत नाही.

म्हणून साक्षीदार निवडून घेतले आहेत. पहिले दू युन्हाइ, शाळामास्तर. त्यांचं अक्षर लोक मानतात. दुसरे फान चिंगताई, त्या सभेचे अध्यक्ष. ज्यांनी वानचांगला बदडण्याचा हुकूम दिला ते हेच. सुचिन मडकं फोडेल तेव्हा यांनी तिच्याजवळ उभं राहावं, एवढंच माझं मागणं. कागद ऐकून फानभाऊंनी तो परत माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "देशुन, लोक मला काय म्हणतील?"

मी म्हटलं, "त्याला म्हणतात तेच. त्याच्या लेकीने जन्मभर ऐकलं. तुम्हाला एक सकाळ जड जाते?"

याउपर या इस्टेटीत दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. हे लिहिलं ते राजीखुशीने, थोडं रागाने.

ठिकाण: ल्यूगोउ. बारावा चांद्र महिना, सन १९८४.

सही: गंग देशुन
साक्षीदार: दू युन्हाइ (सही)
साक्षीदार: फान चिंगताई (अंगठा)

खुलासा: फानभाऊंचा अंगठा दोनदा घेतला आहे. पहिला फरफटला आहे, तोही त्यांचाच धरावा. दुसरा त्यांनी स्वतःहून शाई मागून उठवला.