अंधांच्या रकान्यात माझी सही

तीर्थरूप मामांस,

पायाला भिंगरी असलेल्या तुमच्या भाच्याचा नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? वेताच्या खुर्च्या अजून जमिनीवर बसूनच विणता का? मामीचा खोकला गेला का? (मामी, हे पत्र तूच मामांना वाचून दाखवणार, तर कंसातलं गाळत जा.) मी ठणठणीत. नोकरीही तीच आहे, तीन महिने झाले. हसू नका.

नोकरी आपत्ती नियोजन कक्षात. नाव मोठं, काम चिकटवायचं. नदीकाठच्या आमच्या कचेरीत पूर शिरला तर कुठून पळायचं ते दाखवणारे पिवळे बाण मी भिंतींवर चिकटवले. मोजून चौसष्ट. (खळ मीच शिजवली. खळीवरून आठवलं, पाकिटांच्या कारखान्यात असताना मी मुकादमाची टोपीच टेबलाला चिकटवली होती, पण ते राहू दे.) तर तळमजल्यावर फोनची ऑपरेटरबाई बसते. तुमच्यासारखीच जन्मापासून दिसत नाही, आणि जीभही तुमच्यासारखीच. बाण लावून झाले तशी म्हणाली, "काय रे भटक्या, तुझे बाण बोलतात का?" मी म्हटलं, नाही. "मग मला कसे कळायचे?" मी हसलो. साहेबांना सांगितलं, तेही हसले. मग एकदम थांबले, कारण पुराच्या आराखड्यात एक रकाना रिकामा होता: 'दृष्टिहीन प्रतिनिधीशी चर्चा झाली, त्यांची संमती आहे.' कागद न्यायला माणूस दारात उभा, बाई जेवायला गेलेली. साहेब म्हणाले, "तू बोललास ना तिच्याशी? मग कर सही. तुझी सही तशीही डोळे मिटून केल्यासारखीच असते." केली. (मामी, हे तरी गाळच.)

आता पोत्यांचं. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी वाळूची चाळीस पोती आली. साहेबांचा हुकूम, तळमजल्याच्या बोळातली वाट मोकळी राहिली पाहिजे. मी सगळी पोती भिंतीला लावून रचली. मधून हत्ती जाईल एवढी वाट! ऑपरेटरबाई भिंतीला हात लावून चालते, हे मी तीन महिने रोज बघत होतो. बघत होतो, मामा.

त्याच दुपारी पाणी आलं. आधी बोळात चहा सांडावा तसं पातळ, मग घोट्याएवढं, मग दिवे गेले. त्या बोळाला खिडकी नाही. एका टोकाला वर जाणारा जिना, दुसऱ्या टोकाला तळघर. भोंगा बॅटरीवरचा, तो असा कोकलायला लागला की शेजारचा काय बोलतो ते कळेना. आम्ही अकरा जण, डोळे टक्क उघडे, आणि चौसष्टातला एकही बाण दिसत नव्हता. साहेब "बाणांकडे बघा, बाणांकडे बघा" असं ओरडत निघाले ते थेट तळघराकडे.

भोंग्याचं बटण बाईच्या टेबलाखाली. तिनं आधी तो बंद केला. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, मागे फिरा, तिकडे बुडाल. प्रत्येकानं पुढच्याचा खांदा धरा." स्वतः सगळ्यांत पुढे, डावा हात भिंतीला. तिचा खांदा माझ्या हातात. पाणी गुडघ्याला लागलं आणि मला पोती आठवली. तोंड उघडेपर्यंत बाई त्यांवर आपटली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "कुणी रचलं हे इथं?" तिनं विचारलं. मोडका हात छातीशी धरून ती उठली, पायानं पोती चाचपत, पावलं मोठ्यानं मोजत आम्हाला जिन्यापर्यंत घेऊन गेली. सत्तावीस पावलं. अकराच्या अकरा वर आलो. साहेबांचे बूट तेवढे वाहून गेले.

आणि आता साहेबांचा अहवाल ऐका. दृष्टिहीन कर्मचारी पुराच्या वेळी पडल्या, सबब त्यांच्याच सुरक्षेसाठी त्यांना कामावरून कमी करावं, आराखडा आहे तसाच कायम करावा, प्रतिनिधीची संमती आहेच. येत्या शुक्रवारी बैठक, की झालं. ती दवाखान्यात, शनिवारपर्यंत सोडत नाहीत. काल भेटून आलो. तिला नोकरी तर हवीच, वर भिंतीलगत कमरेएवढा दोर हवा, भोंग्याऐवजी माणसाचा आवाज हवा, आणि दिवे बंद करून सगळ्यांचा सराव हवा. साहेबांचा सगळ्यांत आधी. सगळं लिहून आणलं. पोत्यांचं सांगायला गेलो होतो, ते मात्र न सांगताच परत आलो.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीत एकेक धपाटा.

तुमचा,
भाचा

ता. क. शुक्रवारच्या बैठकीला तुम्ही प्रतिनिधी म्हणून याल का? तुम्ही कुणाच्या बापाला घाबरत नाही.

ता. क. दुसरा. खरं सांगतो, बैठकीसाठी तो कागद परत आलाय, आणि रकान्यातली माझी सही खोडून तुमचं नाव मी आधीच घातलंय.

ता. क. तिसरा. म्हणजे पुन्हा न विचारताच. हे लिहिताना ध्यानात आलं. खोडून टाकतो. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी, सही माझी आणि पोतीही मीच रचली, हे मला शुक्रवारी उभं राहून सांगायचंय. त्याआधी तिला सांगायचंय. नोकरी जाईल, त्याची मला सवय आहे. फक्त बोलताना शेजारी आपलं माणूस बसलेलं असावं, एवढ्यासाठी हे सगळं पत्र. तुमच्याकडून इकडे यायची शुक्रवारची गाडी सकाळी सातला आहे.