पेटी मोबाइलात गेली

सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर
(तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण ती रुसलेली असते.)

धाकट्या जाऊबाई द्वारकाबाईस थोरल्या सारजाचा आशीर्वाद. तू काही नमस्कार करणार नाहीस, म्हणून आशीर्वाद मीच आधी पाठवून मोकळी होते. पत्र बिभीषण वाचून दाखवील. (बिभीषणा, तुझ्या आईविषयी वाकडं लिहिलंय ते गाळू नकोस. ते जरा सावकाश वाच.) फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू माझं ऐकायची वेळ आली की "रेंज नाय" म्हणून बंद करतीस. कागदाला ती सोय नाही. तुझा गुडघा, तुझ्या शेळ्या आणि तुझी जीभ कशी आहे? पहिल्या दोन्हींची काळजी वाटते, तिसरीची नाही. खुलताबादकडं औंदा पावसानं तोंड दाखवलं नाही असं ऐकलं. इकडंही तेच. बिनपाण्याच्या दोनच गोष्टी वाढतात बघ, एक येडी बाभूळ आणि दुसरं हे शहर. खिडकीतून माळ दिसायचा, मेंढरं दिसायची, तिथं आता बिल्डिंग उभी राहिली. तिच्यात माणसं राहतात असं म्हणतात. मला फक्त वाळत घातलेले कपडे दिसतात.

तर झालं असं, की इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. टँकर आला की टाकी भरायची, नाहीतर कोरड्या नळाकडं बघत बसायचं. असाच एक कोरडा नळ उघडा राहिला. मी खाली गेटपाशी बसले होते (का, ते विचारू नकोस, येणारी-जाणारी माणसं बघायला काही पैसे पडत नाहीत), आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. मोरी भरली, घर भरलं, आणि माझ्या खाटेखालची पत्र्याची पेटी बुडाली. साऱ्या जिल्ह्यात दुष्काळ आणि माझ्या पेटीत पूर. नळ मी सोडला असं घरात ठरलेलं आहे. मी नाही म्हणत नाही. वाद घालायला तरी घरात कुणी बसलेलं पाहिजे.

ती पेटी तुला ठाऊक आहे. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर लावता येतं, पण कागद मी कधी वाचून शोधला नाही, फडक्यावरून शोधला. जमिनीचे कागद धोतराच्या तुकड्यात, पोरांच्या जन्माचे खणात, दवाखान्याचे त्या हिरव्या टॉवेलात, जो तू माझ्याकडून नेलास आणि फाडून परत केलास. अंधारात हात घातला तरी पाहिजे ते हाताला लागायचं. कुणाला काही लागलं की माझ्याकडं यावंच लागायचं. वाटणी झाल्यावर तूसुद्धा यायचीस, तोंड फिरवून का होईना. आणि मी कागद लगेच काढत नसे. आधी बस म्हणायचं, चहा टाकायचा, गावातलं सगळं काढून घ्यायचं, मग कागद. कारण कागद हातात पडला की माणूस उठतं.

पेटी बुडाल्यावर सगळं गच्चीवर वाळत घातलं, वर दगड ठेवले. माझा सुदर्शन चितेगावच्या कंपनीतून आला, म्हणाला, हे काय कुरड्या वाळवल्यासारखं. मग त्यानं फर्मान काढलं, सगळे कागद मोबाइलात घ्यायचे. मोबाइलात एक ॲप असतं, ते कागदाचा फोटो काढतं, कडा सरळ करतं, डाग पुसतं आणि ओळीनं लावून ठेवतं. (बिभीषणा, आईला ॲप समजावून सांगायला जाऊ नकोस, जेवणाची वेळ होईल.) हे काम लागलं सूनबाईच्या गळ्यात. तनुजा बँकेत जाते. सकाळी मी उठते तेव्हा ती चप्पल घालत असते, संध्याकाळी मी आडवी होते तेव्हा ती चप्पल काढत असते. तिला फुरसत रविवारी. दुपारी ती माझ्याजवळ खाली फरशीवर मांडी घालून बसायची. लग्न होऊन आल्यापासून अशी कधी बसली नव्हती, मीही कधी बस म्हटलं नव्हतं.

भिजलेला कागद वाळला की वळतो. तो मी अंगठ्यानं दाबून धरायची आणि ती फोटो काढायची. सुदर्शननं नंतर बघितलं तर प्रत्येक कागदावर माझा अंगठा. जन्मभर मी कुठं अंगठा दिला नाही, नेटानं सही केली, आणि म्हातारपणी ह्या ॲपनं एकसुद्धा कागद सोडला नाही. पुढं असं, की फोटो काढला की ॲप त्याचं नाव विचारतं. तनुजा म्हणायची, आई, ह्याला काय नाव देऊ. मी सांगायची, ती लिहायची. सुदर्शनच्या जन्माचा दाखला झाला "तूर जळाली तेव्हाचा". त्याचा शाळेचा दाखला "मास्तर रडला". त्याच्या वडिलांचे कागद आले तेव्हा पंचाईत. नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? ती म्हणाली, मग काय लिहू? मी म्हटलं, "हे" लिही. म्हणून जमीन, रेशन, शेवटचा दाखला, सगळं "ह्यांचं एक", "ह्यांचं दोन" असं लागत गेलं. ती हसायची. मी कागदाची हकीकत सांगायची, ती ऐकायची.

कागद संपत आले तसे मी पुरवून काढायला लागले. मग लाईटबिलं काढली, लग्नपत्रिका काढल्या, मेलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड काढलं. तनुजा खुळी नाही. तरी तिनं त्यांचेही फोटो काढले. पण एका रविवारी फोन खाली ठेवून म्हणाली, आई, झालं हो आता. फडकी मोलकरणीला गेली, कागद प्लास्टिकच्या फाइलीत घालून माळ्यावर चढवले, पेटीत कांदे भरले. तेव्हापासून मला कुणी काही विचारत नाही. जेवलात का, एवढं विचारतात, तेही फोनवरून.

आणि परवा दुपारी सुदर्शनचा फोन आला. कचेरीत रांगेत उभा होता, शेतीच्या उताऱ्यावर वारसाची नोंद करायला. खिडकीपाशी नंबर लागला आणि मोबाइलात वडिलांचा मृत्यूचा दाखला सापडेना. वडिलांचं नाव टाकलं, "मृत्यू" टाकलं, काही येईना.
"आई, बापूंचा दाखला कुठंय?"
"ह्यांचं नऊ."
"नऊ कशाला?"
म्हटलं, आधीच्या आठांची हकीकत ऐक म्हणजे कळेल. आता त्यानं विचारलं म्हणून मी सांगितली, व्हय की नाय? मी "ह्यांचं चार"पर्यंत आले तोवर खिडकीतल्या बाईनं मागच्याला पुढं घेतलं आणि जेवायची सुट्टी झाली. घरी येऊन म्हणाला, आई, लोकांपुढं हसं झालं माझं. तनुजा म्हणाली, येत्या रविवारी मी सगळी नावं नीट सरकारी करून टाकते. म्हणजे मला विचारायचं शेवटचं कारणही गेलं. रविवारी ती मोबाइल घेऊन सोफ्यावर बसेल. त्याला माझा अंगठा लागत नाही.

असो. शेळ्यांना सावलीला बांध, स्वतः उन्हात फिरू नकोस.
तुझी थोरली जाऊ,
सारजा

ता. क. नवऱ्याचं नाव मी घेत नाही असं काही नाही. मतदार यादीवाल्याला दारात उभं राहून ठणठणीत सांगितलंय. जन्माच्या दाखल्याला जन्माचा दाखला म्हणतात, हेही मला कळतं. पण तसं लिहिलं असतं तर सुदर्शनला तो लगेच सापडला असता.

दुसरा ता. क. तुझेही कागद आहेत, तुझ्याकडं वाळवी आहे. ते घेऊन ये. टपालानं पाठवू नकोस, बिभीषणाच्या हाती तर मुळीच नको. कुठला कागद कशाचा हे तूच जवळ बसून सांगायला पाहिजे. काम रविवारीच होतं, त्यामुळं घाईनं यायचं आणि घाईनं जायचं असं चालणार नाही. दोन लुगडी जास्त आण.

तिसरा ता. क. हा बिभीषणासाठी, मनातल्या मनात वाच. तुझ्या आईकडं रेशन कार्डाशिवाय एक कागद नाही, मला माहीत आहे. तू जुनी वर्तमानपत्रं घालून पिशवी फुगवून दे आणि तिला एसटीत बसव. तिला म्हण, थोरलीला तुझं काही नाय, कागद लागतात. मी बोलावलंय असं कळलं तर ती यायची नाही.