तांबे चढत गेले तसे

८ ऑक्टोबर
तांबे वर. पितळ थोडे वर. लोखंड पडलेलेच. हे गेल्यापासून भंगाराचे गोडाऊन मी नि धाकटा दीर विलास बघतो. तो खुशीत. रफिकभाई आमचा टेम्पो घेऊन पोलादपूरकडच्या वाड्यांत फिरतात. म्हणाले, जुनी भांडी कोणी काढत नाही, भाव अजून चढेल म्हणून थांबलेत.

३ डिसेंबर
तांबे पुन्हा वर. ॲल्युमिनियमही. वरच्या एका वाडीत पाणीयोजनेच्या पंपाची केबल कापून नेली. चोर केबल जाळून आतले तांबे विकतात. तसली जळकी तार आपल्याकडे घ्यायची नाही, विलासला बजावले. बरं म्हणाला.

१० फेब्रुवारी
जस्त उतरले, तांबे नाही. त्याच वाडीची नवी केबलही गेली. बायका खालच्या नदीवरून पाणी वाहतात. टेम्पो दिसला की माणसे बोलायची थांबतात, असे रफिकभाई सांगत होते.

१७ एप्रिल
भाव पाहिला नाही. रफिकभाईंना त्याच वाडीत मारले. टेम्पोत नुसते पत्र्याचे डबे नि मोडकी खुर्ची. "तूच नेलीस रे केबल." फणसाला बांधून पाइपने. उजवे मनगट दगडावर धरून ठेचले. टेम्पो दरीत. दवाखान्यात शर्ट कातरून काढला, कातडीला चिकटला होता.

१९ एप्रिल
हात राहील, बोटे वळणार नाहीत. तक्रार देऊ म्हटले तर नको म्हणाले, पोट तिकडेच आहे.

६ जून
तांबे वर्षातले सगळ्यात वर. शेडमागे ताडपत्रीखाली गोणी सापडल्या. जळकी तार. एका तुकड्यावर पाणीयोजनेचा शिक्का, अर्धा जळलेला. विलास म्हणे सगळेच घेतात, हा भाव परत यायचा नाही. मी म्हटले, "रफिकभाईंचा हात तू मोडलास."
त्याने केस धरून माझे डोके वजनकाट्यावर आपटले. परत आपटले. माझ्या हाताला सळई लागली. त्याच्या गुडघ्यावर घातली. पडला. पडल्यावरही मारत होते. अडवायला कोणी नव्हते. दमले तेव्हा थांबले.

११ जून
माझ्या कानामागे टाके. त्याच्या गुडघ्याचा चुरा. सासूबाईंनी डॉक्टरांना सांगितले, माल अंगावर कोसळला. मला म्हणाल्या, गोणी विकून टाक, घर सांभाळ. गोणी कुलुपात ठेवल्या. विकल्या नाहीत. पण पोलीस ठाण्यातही...

२ ऑगस्ट
तांबे उतरायला लागले. विलास प्लास्टरमध्ये, माझ्याशी बोलत नाही. रफिकभाईंना सगळे सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, हे बाहेर पडलं तर लोक म्हणतील, मारला तो बरोबरच मारला. तुमचाच ड्रायव्हर ना मी." हे मला सुचलेच नव्हते.

९ सप्टेंबर
तांबे आणखी खाली. काल त्याच वाडीने भंगार घेणाऱ्या दुसऱ्या फेरीवाल्याला धरले. डोके फुटले, शुद्धीवर नाही. सकाळी रफिकभाई स्वतः आले. चला, म्हणाले.
पोलादपूरच्या ठाण्यात गोणी उतरवल्या. वाडीची माणसे चौकशीला आणलेली, त्यात रफिकभाईंवर पाइप चालवणाराही. मी विलासचे नाव घेतले. रफिकभाईंना यातले काही ठाऊक नव्हते, हेही सांगितले. पाइपवाला त्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाय, तार तुमच्या घरात व्हती नि हात यांचा मोडला. आता आमी कुणाचा मोडायचा?"
आवाज चढलेला नव्हता. हवालदाराने त्याला खाली बसवले. बाहेर रस्त्यावर वाडीची आणखी माणसे जमत होती.