थांबा काका, उतरेल

३ फेब्रुवारी
मनी चेंजरचं दुकान उघडलं की माझं पहिलं काम: पाटीवरचा डॉलरचा भाव पुसून नवीन लिहायचा. आज परत वर. आणि पाटीखाली कोण उभं, तर स्नेहलचे बाबा! बिश्केकला तिची मेडिकलची फी पाठवायचीय. डॉलरमध्ये. मला ओळखत नाहीत. ओळखलं असतं तर तीच पाटी माझ्या डोक्यात.
"दोन दिवस थांबान बघू? उतरात मा?"
"थांबा काका, उतरेल."
असं का बोललो? मला घंटा माहीत.

४ फेब्रु.
वहीत तरी खरं लिहितो. फी चुकली तर ती परत येईल, हे डोक्यात आलं होतं. एक सेकंदच. पण आलं होतं. दीड वर्ष झालं तिला जाऊन.

७ फेब्रु.
अजून वर. मालकांना, धीरजभाईंना, विचारलं, उतरणार कधी? "अरे, आपण पाटी लिहितो. भाव नाय लिहीत."
दुपारी डबा खाताना स्नेहलचा फोन. तिकडचं चलन, सोम, तेही घसरलंय. तेल, औषधं, पीठ, बरंच बाहेरून येतं, आठवड्यात सगळं चढलं. घरमालकीण गुलनाराआजी भाडं सोममध्ये घेते पण मोजते डॉलरमध्ये. चौकातल्या पाटीचा फोटो काढून आणते आणि दार वाजवते.
माझं डोकं फिरलं. "खोली काय अमेरिकेतून आणली तिने? भिंती त्याच, पलंग तोच!"
"ओरडू नको रे. तिच्या तरुणपणी भाव सरकार ठरवायचं, ब्रेड कित्येक वर्षं एकाच किमतीला. मग ते राज्यच गेलं, आणि जन्मभराच्या बचतीत ब्रेडच काय तो यायला लागला. तेव्हापासून तिचा फक्त डॉलरवर विश्वास." मग म्हणाली, "बाबा पण थांबलेत. काउंटरवरचा कोणी शहाणा म्हणाला, उतरेल. तू इकॉनॉमिक्स शिकतोस ना, सांग, उतरेल?"
तिला वाटतं मी अजून टीवायला आहे.

११ फेब्रु.
सरांनी फळ्यावर हेच लिहिलं होतं. चलन पडलं की महागाई. मी म्हणालो, पुस्तकात ठीक आहे. सर म्हणाले, बाहेर जा. गेलो. गेलो तो गेलोच.
स्नेहलचे बाबा, परबकाका, आज पाटी बघून खुर्चीत बसलेच. तिच्या खोलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आता फीतच जाणार. "चेडू म्हणता, वर्ष सोडतंय, घराक येतंय."
हेच पाहिजे होतं ना मला? पाणी प्यायला मागे गेलो आणि कपाटावर बुक्की मारली. हात सुजलाय.
कॉलेज सोडून परत. माझ्यासारखी.

१४ फेब्रु.
फोन केला नाही. तिनेही नाही.

१७ फेब्रु.
डॉलर उतरला! थोडाच, पण उतरला. तिला लगेच फोन. "आता आजी भाडं उतरवेल."
हसली. "चढताना रोज फोटो आणायची. आज इथेही उतरलाय, तर आणलाच नाही. का रे असं?"
हे मला दुकानात कळलंय: उद्या परत चढेल ही भीती लोक भावातच धरून ठेवतात. सांगणार होतो, तर तीच म्हणाली, "मी येऊ परत? तू हो म्हण, येते."
हो तोंडात आलेलं.
"उद्या सांगतो."

१८ फेब्रु.
फीचा शेवटचा दिवस. परबकाका पैसे घेऊन हजर. "आता तूच सांग बाबा. आज धाडू, का थांबू?"
"आजच. आत्ता."
पावतीवर काउंटरवाल्याचं नाव लागतं. नेहमी धीरजभाई लिहितात. आज मी लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, तिला वाचता येईल अशा अक्षरात. कळू दे, काउंटरवरचा शहाणा कोण ते.
काकांनी तिथेच उभं राहून पावतीचा फोटो तिला पाठवला. "बघल्यान," फोनवरच्या निळ्या खुणा दाखवत म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.
त्याला चार तास झाले. फोन समोर ठेवलाय. एकदा वाजला, धीरजभाईंचा होता: उद्या लवकर ये, पाटी बदलायचीय.