सोड्यानं धुतलेला पडदा

आई, परवा घरातल्या पाणी गाळायच्या मशीनचा मेम्ब्रेन, म्हणजे आतला बारीक पडदा, बदलायला मेकॅनिक आला होता. जाताना मला बजावून गेला, "मॅडम, हा कधी गरम पाण्यानं धुवायचा नाही बरं का." मला इतकं हसू आलं की तो बिचारा ओशाळला. त्याला काय सांगणार? तुला मात्र सांगावंसं वाटतंय. गेलेलं माणूस कुठंतरी बसून ऐकतं, असल्या गोष्टी तू कधी मानल्या नाहीस आणि मलाही मानू दिल्या नाहीस. तरी लिहिते.

पिंपरीतला आपला तो आंब्याच्या रसाचा कारखाना. ऐंशीच्या आसपासचा उन्हाळा. तू आंबे सोलायच्या हॉलमध्ये, मी बी.एस्सी. होऊन नुकतीच लॅबमध्ये लागलेली. पहिल्या सकाळी संत तुकाराम नगरातून दोघी चालत निघालो, तेव्हा वाटेत तू म्हणालीस, "कंपनीत मला आई म्हनू नगंस. मावशी म्हन, समदी म्हनत्यात तसं. साल सोलनारीची पोरगी म्हनून तुला कुनी कमी लेखाया नगं." मी ऐकलं. तू म्हणायचीस आणि मी ऐकायची, तसंच होतं आपलं. तू तेव्हा हंगामी होतीस. हा हंगाम सरला की कायम करतो, असं मुकादमानं कबूल केलं होतं, आणि बाबा गेल्यापासून तुझे डोळे त्या एकाच गोष्टीकडे लागले होते.

सालींचा ढीग मागच्या खड्ड्यात कुजायचा, वास पार वस्तीपर्यंत जायचा. त्याच साली उकळून आम्ही पेक्टिन काढायच्या खटपटीत होतो. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. उकळलेलं पाणी फार पातळ असतं, म्हणून ते पंपानं एका बारीक पडद्यावर दाबायचं. पाणी आरपार जातं, पेक्टिन अलीकडे राहतं. परदेशातून आलेला, कागदासारखा दिसणारा तो पडदा कोमट पाण्यानंच धुवायचा असे, आणि ते काम मीच करायची. तुमच्या हॉलचा नियम वेगळा. फळाचा रस लागलेली प्रत्येक वस्तू सुट्टीच्या आधी धुण्याचा सोडा टाकून उकळत्या पाण्यातून काढायची. एका संध्याकाळी मला लॅबच्या साहेबांनी ऑफिसात बोलावलं. तू लॅबच्या दारातून डोकावलीस, पडद्यावर पिवळा थर पाहिलास, आणि पोरीचं मशीन असं घाण दिसायला नको म्हणून तो उचलून नेलास.

दुसऱ्या दिवशी पंप सुरू केला तर पलीकडून नितळ पाण्याऐवजी चिकट पिवळा रस. उकळत्या सोड्यानं पडदा कामातून गेला होता. साहेब हॉलमध्ये आले आणि त्यांनी विचारलं, कुणी धुतला? तू पुढं झालीस. "म्या धुतला सायेब. लई घान झाला व्हता." साहेब काही बोलायच्या आत मुकादम म्हणाला, "उद्यापासनं कामावर येऊ नको." तू मान खाली घातलीस. मी म्हणाले, "साहेब, ही माझी आई आहे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

अख्खा हॉल सोलायचा थांबला. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि मुकादमाला म्हणाले, "अहो, बाईंनी नियमानं काम केलंय. हा सोड्यानं धुवायचा नाही, अशी पाटी लावायची आपल्यापैकी कुणाला सुचली? डब्यात अजून पडदे आहेत." मग मला म्हणाले, "पाटी मराठीत लिहा. आणि आईंना चहा द्या आधी." पुढं तू कायम झालीस, पेक्टिनही निघालं. पण त्या संध्याकाळी घरी येईस्तोवर तू रागानं धुमसत होतीस. "कुनी इचारलं व्हतं तुला? माझं मी निस्तारलं असतं." मी तुझ्या मागून चालत होते आणि मला फार हलकं वाटत होतं.

लेकीनं आईची नोकरी राखली, असं तू नंतर गल्लीभर सांगत सुटलीस. मी तुला कधी अडवलं नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, तेव्हा आज लिहून टाकते. तोंड उघडलं तेव्हा तुझी नोकरी माझ्या डोक्यातच नव्हती. रोज दिवसभर तुला मावशी म्हणायचा मला कंटाळा आला होता. त्या दिवशी तुला काढून टाकलं असतं, तरी मी रात्री शांत झोपले असते.