जीपला सात दिवे

११ ऑक्टोबर १९७८, दसरा, नागपूर
सकाळी जीपची पूजा. झेंडूचा हार, नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सौ. सत्यवती म्हणाली की स्वस्तिक बॉनेटवर नाही, अर्धं काचेवर निघालंय. कुठेही निघो, देवाला पोचलं.

संकल्प: बहिणीच्या, शोभाच्या, मुलीच्या लग्नाआधी जीपला जास्तीचे दिवे बसवायचे. मूळचे दोन निकामी झालेत. सहा वाजून गेले की रस्त्यावर घोंगडं टाकल्यासारखं होतं. दोष गाडीचा. मिलिटरीच्या लिलावातली आहे, दमली असेल. शिवाय कोराडीचं पॉवर स्टेशन झाल्यापासून हवेत राख किती वाढली, ते कोणी बोलत नाही.

सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं ओव्हरसियर होतो. कालव्याच्या काठाकाठाने स्वतः जीप हाकली. एक ओरखडा नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
काटोल नाक्यावर चंद्रभानकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने दिवे लावून पाहिले आणि म्हणाला, साहेब, फोकस तं झकास हाये, समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचून राहिलो ना मी. मी विचारलं कोणती. त्याने बिडीची म्हणून घडाघडा वाचून दाखवली. त्याचं दुकानच त्या भिंतीसमोर आहे, पाठ असणार. मी फसलो नाही.

दोन पिवळे फॉग लॅम्प बसवायला सांगितले. चंद्रभान डोकं खाजवत होता. कारागिरांना नवीन काही सुचवलं की असं होतं.

२२ ऑक्टोबर, सायं. ७
फॉग लॅम्प बसले. फेटरीपर्यंत ट्रायल घेतली. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं. पिवळी काच उत्तम प्रतीची असल्याचं हे लक्षण आहे. साध्या काचेत असं दिसत नाही.

एकच त्रास. सत्यवती बाजूला बसते आणि तिचं तोंड बंद नसतं. अवो, डावीकडून बैलबंडी. अवो, म्हशी. अवो, सायकलवाला. अवो, आता वळण. जाऊन-येऊन हेच. मी हॉर्न वाजवतोच आहे, तो काय कमी आहे? सांगितलं की ड्रायव्हरशी बोलू नये असा एस.टी.त बोर्ड असतो. ती म्हणाली एस.टी.च्या ड्रायव्हरला दिसते. मग लगेच, अवो, कुत्रं.

५ नोव्हेंबर, रविवार
पिवळा उजेड पुरत नाही. ट्रकचे दोन मोठे दिवे घेतले, बंपरवर पट्टी वेल्ड करून लावले. एकूण सहा झाले. चंद्रभान म्हणतो डायनामो इतका करंट देत नाही, बॅटरी बसून जाईल. मी म्हटलं तू दिवे लाव, डायनामोशी मी बोलतो. तो हसला नाही. विनोद कळायलाही शिक्षण लागतं.

वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत काटकसर सुरू केलेली दिसते. अग्रलेख वाचवत नाही. तसाही वाचण्यासारखा नसतो.

१२ नोव्हेंबर, रविवार
बाबाराव आले होते. शोभाचे यजमान, कळमेश्वरला संत्र्याचे बगीचे आहेत, माणूस चांगला पण भित्रा. लग्नाचे कपडे घ्यायला आले आणि जेवता जेवता म्हणाले, की दादा, नवरदेवाले घोडा सांगून ठेवला हाये, तुमी कायले तरास घेता. मी विचारलं घोड्याला दिवे आहेत का. मग म्हणाले, रामदासपेठेत डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर आहे, जाता जाता दाखवून घ्या. जाता जाता! डोळे काय वाटेवर पडलेत?

मी सरळ सांगितलं. शोभाला एकच मुलगी, तिला एकच मामा. ७ डिसेंबरला गोरज मुहूर्त. नवरदेवाला वऱ्हाडाच्या जानोशावरून मारुतीला आणि मारुतीवरून मांडवात माझ्याच जीपमधून आणणार, आणि मग भाचीचा हात धरून तिला बोहल्याकडेही मीच नेणार. दोन्ही कामं. त्यात तसूभर चुकलं तर जीपची किल्ली तुमच्या हातात ठेवीन आणि पुन्हा स्टीअरिंगला हात लावणार नाही.

सत्यवती पोळी वाढत होती, तिने बाबारावांना उगाच दुसरी वाढली.

१९ नोव्हेंबर, सायं. ६.३०
आज काम फत्ते. टपावरच्या दांडीला सर्चलाइट बसवला. कढईएवढा आहे. स्टीअरिंगशेजारी त्याचं वेगळं बटण. चंद्रभान त्याआधी सत्यवतीशी बराच वेळ काहीतरी बोलत होता, चहा मागत असावा.

बटण दाबलं आणि काय सांगू. आधीचे सहा एकीकडे आणि हा एकीकडे. पार पुढचं झाड दिसलं. चंद्रभानला म्हटलं, बघ, याला उजेड म्हणतात. तो म्हणाला हो साहेब. प्रथमच त्याने वाद घातला नाही.

वाटेत मैलाचा दगड तर लांबूनच दिसला. सत्यवती म्हणाली दगड नाही, पांढरं धोतर नेसून माणूस बसला हाये. असेल. दिसला हे महत्त्वाचं.

२ डिसेंबर, शनिवार
बॅटरी बसली. ढकलून सुरू केली. शेजाऱ्यांचे सहकार्य चांगले.

७ डिसेंबर, दुपारी १, कळमेश्वर
सकाळी उजेडातच पोचलो. जीप धुतली, सातही दिव्यांना गोंडे बांधले. बाबारावांनी घोडा रद्द केला नाही, अंगणामागे बांधून ठेवला आहे, मला कळू नये म्हणून. लीद कळते.

आज सगळ्यांची तोंडं बंद होणार.

८ डिसेंबर, सकाळी, नागपूर
काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.

जानोसा शाळेत होता. नवरदेव मधुसूदन माझ्या शेजारी बसला. कपाळाला बाशिंग, दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत मुंडावळ्या. त्यामुळे त्याला जगाचं काही दिसत नव्हतं. हा पहिला मुद्दा. शेजारच्या जागी सत्यवती असायला हवी होती असं आता सगळे म्हणतात, पण तिला शोभाने नवरीजवळ ठेवून घेतलं होतं. मला उलट बरं वाटलं. म्हटलं एक दिवस तरी शांतता.

मारुतीचं दर्शन झालं. दिवस मावळला होता. मी सातही दिवे लावले. पुढे बँडवाले चालत होते, त्यांनी डोळ्यांवर हात घेतले, क्लॅरिनेटवाला गटारात जाता जाता राहिला आणि सगळे बाजूला होऊन माझ्या मागे आले. म्हणजे वाट दाखवायला पुढे कोणीच नाही. हा दुसरा मुद्दा. समोर सगळं पांढरं, दुधात पाणी कालवल्यासारखं. त्यात डावीकडे मांडवाचे दिवे लुकलुकले. मांडव दिसला की माणूस मांडवाकडेच जाणार. मी गेलो. वरात जीपमागे आली, कारण नवरदेव जीपमध्ये.

मांडवाच्या दारात बायका औक्षणाचं ताट घेऊन आल्या. पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, सगळं यथासांग. मग त्यांतल्या सासूने टिळा लावायला मुंडावळ्या बाजूला केल्या, चेहरा पाहिला आणि शांतपणे विचारलं, की काहून गा, हा कोणाचा नवरदेव हाये? मधुसूदन म्हणाला, मलेही तेच विचाराचं होतं, तुमी कोण?

तेवढ्यात त्यांचा नवरदेव मागून घोड्यावर आला.

एकाच गावात, एकाच मुहूर्तावर, दोन गल्ल्यांत दोन लग्नं ठेवणं हे नियोजनशून्यतेचं उदाहरण आहे. हा तिसरा आणि मुख्य मुद्दा. लोक हसत होते. जीप वळवायला गेलो तर बॅटरी बसत आलेली, दिवे लाल. शेवटी बँडबरोबरचा एक गॅसबत्तीवाला माझ्या पुढे चालला, आणि त्याच्या मागे मी पहिल्या गिअरमध्ये. सात दिवे लावलेल्या जीपला गॅसबत्ती वाट दाखवते, हे गावाने दुतर्फा उभं राहून पाहिलं.

इकडे आमच्या मांडवात बँडचा आवाज जवळ आला म्हणून भटजींनी नवरीला बोलावलं होतं. मामा कुठे म्हणून हाका झाल्या. मामा नव्हता. शेजारच्या नत्थूजींनी तिचा हात धरून तिला आणलं. मग बँड दुसरीकडे वळला. आम्ही पोचेपर्यंत ती अंतरपाटासमोर उभी होती. चाळीस मिनिटं. पलीकडे कोणी नाही.

भटजींनी दुसरा मुहूर्त काढून दिला. त्यांच्याजवळ असतोच. लग्न लागलं. भाची पाया पडली, तिचे डोळे सुजले होते. तो हात धरण्याचा मान माझा होता. बावीस वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. फार वाईट वाटलं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही.

पंगत उठल्यावर बाबारावांच्या हातात किल्ली ठेवली. ते नको नको म्हणत होते. मी शब्दाचा पक्का आहे. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने परत आलो.

१४ डिसेंबर, गुरुवार
रामदासपेठेत गेलो. उपचारासाठी नव्हे, सर्टिफिकेटसाठी. दृष्टी उत्तम असल्याचं लेखी घ्यायचं आणि कळमेश्वरला रजिस्टर पोस्टाने पाठवायचं.

डॉक्टरने पेन्सिलीएवढी बॅटरी डोळ्यात मारली. मी म्हटलं सेल बदला, उजेड पडत नाही. तो म्हणाला सेल कालच टाकलेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. दिवे जितके जास्त लावाल तितकं जास्त पांढरं दिसेल म्हणे. गाडी कोण चालवतं असं त्याने विचारलं. मी काही बोलायच्या आत सत्यवती म्हणाली, आमी दोघं मिळून.

डॉक्टर पोरगेला आहे. त्याला अनुभव कमी.

१९ डिसेंबर
ऑपरेशन करणार नाही. माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत केलं नाही. विहिरीत दोनदा पडले, पण केलं नाही.

४ जानेवारी १९७९
करणार. कोणाच्या सांगण्यावरून नाही. थंडीत जखम लवकर भरते, एवढाच हिशेब.

२८ फेब्रुवारी
उजव्या डोळ्याचं पार पडलं, आज चष्मा आला. सोडावॉटरच्या बाटलीचं बूड कापून लावल्यासारखा. अग्रलेख वाचला. शाई वाढवलेली दिसते.

सत्यवतीच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे. विचारलं कधीचा. दोन वर्षांपूर्वीचा म्हणे.

२९ एप्रिल, रविवार, रात्री ८
डॉक्टर म्हणाला गाडी चालवा, पण हळू. दुपारच्या एस.टी.ने आम्ही दोघं कळमेश्वरला गेलो. भाची माहेरपणाला आली होती. तिने हात धरून ओसरीवर नेलं आणि म्हणाली, मामा, त्या दिवशीचा राहिला होता. मी चष्मा पुसायला घेतला, धूळ फार आहे तिकडे.

बाबारावांनी न मागता किल्ली दिली.

जीप गोठ्याशेजारी उभी होती. जवळ जाऊन पाहिली. दोन्ही मडगार्डांना पोचे, डाव्या बाजूला लांबलचक ओरखडे, त्यांवर हिरवा रंग फासलेला, दोन-तीन छटांचा. बाबारावांना म्हटलं, पाच महिन्यांत गाडीची ही दशा केली? ते म्हणाले, दादा, आमी तं तिले हातबी नाही लावला. सत्यवती वर पाहत होती. मग म्हणाली, मी चंद्रभानकडून रंगवून घेत होती, अदूनमदून.

मूळचे दोन दिवे लावून पाहिले. गोठ्याच्या अंधारात कडबा काडीन् काडी दिसला. मग सर्चलाइटचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वाकून पाहिलं तर त्याची वायर डॅशबोर्डखाली गुंडाळून वर टेप मारलेली. टेपवर धूळ, कधी सुटलेलीच नाही. चंद्रभानने जोडलीच नव्हती. डायनामो जळला असता म्हणे. सत्यवतीला त्याने सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती लावून दे गा, त्याईले बरं वाटन.

मला त्या दिवशी पार पुढचं झाड दिसलं होतं, हे मात्र मी अजूनही सांगतो.

जास्तीचे पाचही दिवे काढायचे नाहीत. गाडीला शोभा येते.

सातला निघालो. अंधार पडत आला होता. मी वाट पाहत होतो की आता म्हणेल, अवो, बंडी. बंडी आली, मी बाजूने काढली. म्हशी आल्या, थांबलो. वळण आलं. ती काही बोलेना. रागावली की काय म्हणून फेटरीच्या अलीकडे वळून पाहिलं.

झोपली होती. डोकं एका बाजूला पडलेलं, तोंड उघडं, पदर खाली सरकलेला. एवढ्या वर्षांत ती जीपमध्ये झोपलेली मी पाहिली नव्हती.

काटोल नाक्यावर एक सायकलवाला अगदी मधून चालला होता. घरापर्यंत मी हॉर्न वाजवला नाही.