शहादेवाचे मरण आणि माझी घंटा

अंबाजोगाई,
मंगळवार

श्री. भगवानराव दाजी यांना,

बबनरावांचा सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती ठीक आहे असे गृहीत धरतो. कारण ती ठीक नसती तर आपण तसे फोनवर मोठ्या आवाजात सांगितले असते, आणि तसा फोन आलेला नाही. (नसलेल्या गोष्टीवरून काढलेले अनुमान दुबळे असते, हे मी जाणतो.) चि. सौ. विजयमालेचा गुडघा कसा आहे? माझ्या धाकट्या बहिणीने आयुष्यात माझे काही ऐकलेले नाही. तरी जिना कमी चढावा, एवढे तिला माझ्या नावाने सांगावे. माझे बरे चालले आहे. रक्तदाब आहे, पण आता तोही माझ्यासारखाच वेळेवर येतो व वेळेवर जातो.

महिन्यापूर्वी आपण माझ्यावर जी जबाबदारी टाकलीत, तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "बबनराव, तुमी शिकलेले हायेत. रामचा पिच्चर चांगला हाय का न्हाई ते बघा अन् मला एका शब्दात कळवा. न्हाई म्हणलात, तर पाडव्यापासून पोरगं दुकानात." मी होकार दिला, कारण त्या वेळी प्रश्न सोपा वाटला. जन्मभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला एखादा प्रश्न सोपा वाटू लागला, की त्याने चपला काढून घरात बसावे, हे मला कळायला हवे होते. आपला हा करार रामलाही ठाऊक आहे. त्याविषयी तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. मात्र चित्रपटाचे आमंत्रण द्यायला आला, तेव्हा त्याच्या मांडीवर आपल्या कृषी सेवा केंद्राची पिशवी होती, आणि दुकानाचे नाव आत जाईल अशी ती त्याने उलटी करून आणली होती.

आता मुख्य विषय. (चित्रपटाचे नाव आतापर्यंत तीनदा बदलले असल्याने ते येथे लिहीत नाही, पत्र आपल्या हाती पडेपर्यंत ते खोटे ठरेल.) चित्रपटाच्या यशाला माझ्या मते दोन कारणे लागतात: प्रमुख भूमिकेतला अभिनय आणि कथेची गती. कथा, गाणी, मारामारी ही सामग्री झाली. चुलीवर पातेले चढवले म्हणजे स्वयंपाक झाला असे होत नाही. त्यातला पहिला मुद्दा, नायक. रामने नायक म्हणून चकलांब्याच्या शहादेवाला घेतले आहे. का घेतले, असे विचारता उत्तर मिळाले, की शहादेवाची व्यायामशाळा आहे, बुलेट आहे आणि चुलत्याकडे लग्नात उडवायचा ड्रोन आहे. या तिन्हींपासून अभिनय सिद्ध होत नाही, हे मी रामला दाखवून दिले. त्याला ते पटले. पण तोवर ड्रोन उडाला होता.

शहादेव सज्जन आहे, याविषयी वाद नाही. परंतु तो जे काही करतो, ते संथ गतीने करतो. ज्या वेगाने तो ज्वारीच्या शेतातून बाहेर येतो, त्या वेगाने ज्वारी उगवते. बाहेर आल्यावर तो गॉगल काढतो, गॉगलकडे पाहतो, आभाळाकडे पाहतो आणि पुन्हा गॉगल घालतो. पुढे तो चहासुद्धा संथ गतीने पितो. (बशीतून.) याच्या उलट नायिका. केजकडची उज्ज्वला नावाची मुलगी आहे, चुणचुणीत आहे, पण परीक्षेचा वेळ संपत आल्यासारखी बोलते. तिचे प्रेम, रुसवा, खुलासा आणि क्षमा एवढे सगळे उरकते, तोवर शहादेवाचा कंगवा खिशातून निघालेला असतो. दोघांची सरासरी काढली तर गती अगदी योग्य येते, असा रामचा युक्तिवाद होता. मी म्हटले, एका बैलाने धावावे आणि दुसऱ्याने रवंथ करावा, याला सरासरी काढून नांगरणी म्हणता येत नाही.

पहिला खेळ अंबाजोगाईच्या एका मंगल कार्यालयात दुपारी ठेवला होता. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. मी एका शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षण आटोपून परस्पर तेथे पोहोचलो. रामने मला पहिल्या रांगेत बसवले, पुढे टेबल ठेवले आणि म्हणाला, "मामा, परीक्षकासारखं बघा." मी शब्दाला शब्द मानणारा माणूस आहे. मी पिशवीतून कागद काढला, पेन काढले, चष्मा बदलला आणि (यात माझी चूक कोणती, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही) वक्तृत्वाची पितळी घंटा काढून उजव्या हाताशी ठेवली.

उत्तरार्धात शहादेव मरतो. गोळी लागते ती छातीत. पण तिचा परिणाम त्याच्या जिभेवर झालेला दिसत नाही. तो आईला उद्देशून बोलतो, मग मातीला, मग मित्राला, मग पुन्हा आईला, कारण तिला सांगायचे काही राहिलेले असते. मी ऐकत होतो. मुद्दे तेच ते येत होते. आणि स्पर्धेत ज्या क्षणी हात जातो, त्या क्षणी तो गेला. मी घंटा वाजवली.

येथे रामविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याला शाळेपासून वक्तृत्वाला मी तयार केले आहे. घंटा झाली की वाक्य अर्धे असले तरी थांबायचे, नमस्कार करायचा आणि खाली उतरायचे, हे मी त्याच्या अंगात इतके मुरवले आहे, की चित्रपट चालवायला तो मागे लॅपटॉपशी बसला होता तरी घंटेसरशी त्याचा हात आपोआप चित्रपट पुढे सरकवणाऱ्या कळीवर पडला. शहादेवाचे "आये, मी आता" एवढेच शब्द झाले, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर त्याच्या तेराव्याची पंगत बसलेली होती. लोक बुंदी वाढत होते.

सभागृहात मागून कोणीतरी ओरडले, "आरं मेलं बाबा एकदाचं!" आणि जो हशा उसळला, तसा मी माझ्या कोणत्याही व्याख्यानात ऐकलेला नाही. टाळ्या पडल्या. "सर, आजून वाजवा की!" अशा मागण्या येऊ लागल्या. (पुढे शहादेवाचा जुळा भाऊ सूड घ्यायला येतो. तोही शहादेवच. तो ज्वारीतून निघू लागला, तेव्हा लोकांनी पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.)

खेळ संपल्यावर शहादेव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गॉगल काढला. डोळे खरोखरच ओले होते.

"सर, माझं मरण कावून कापलं?"

मी त्याला समजावले, की आपण मरत आहात हे पहिल्याच वाक्याने सिद्ध झाले होते. सिद्ध झालेले पुन्हा सिद्ध करत बसणे हा न्यायशास्त्रात दोष आहे. तो विचारात पडला. "दोष हाय व्हय," म्हणाला, "मग चकलांब्यात नका वाजवू. तिथं माझी आई बगणार हाय."

परंतु गोष्ट बाहेर पडली होती. घंटेवाला पिच्चर म्हणून गावोगावची मंगल कार्यालये बोलावू लागली, आणि रामने माझे पाय धरून मला सोबत घेतले. चकलांब्यात मी शहादेवाचे मरण त्याच्या मातोश्रींखातर अखंड ठेवले. मात्र त्याच्या मारामारीला, सवयीने, घंटा दिली. शर्टाची तीन बटणे उघडी असलेले एक गृहस्थ उठले. "ए मास्तर, आमचा गडी मारायलाय न् तू कावून टनटन करायला बे?" मला "बे" म्हणणारा माणूस मी यापूर्वी पाहिला नव्हता, त्यामुळे कुतूहलाने त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याला ते धैर्य वाटले असावे. तरी उरलेला सर्व वेळ मी घंटा धोतराच्या ओच्यात धरून बसलो होतो, आणि लोकांनी ज्वारीतून येण्याचा प्रसंग तीनदा परत लावायला लावला. त्या रात्री मला माझा सिद्धांत दुरुस्त करावा लागला: गती चित्रपटात नसते, चित्रपट आणि पाहणारा या दोघांच्या मध्ये असते. अंबाजोगाईला जे संथ, ते चकलांब्याला कमी पडते.

ही दुरुस्ती घेऊन मी मांजरसुंब्याला गेलो, आणि दाजी, तेथे माझ्या उरल्यासुरल्या सिद्धांताचे जे झाले, त्यासाठी हे पत्र आहे.

चित्रपटात नायकाचा बाप आहे, खेड्यातला दुकानदार. ठरलेला नट आलाच नाही, म्हणून रामने मांजरसुंब्याच्या चौकात फळांचा गाडा लावणाऱ्या खाजामियाँना उभे केले. त्यांनी विचारले, "मेरेकू बोलना क्या है?" राम म्हणाला, काही नाही, फक्त दुकान बंद करायचे. "अरे, फिर तो आधा शहर हीरो है," असे म्हणून त्यांनी होकार दिला, आणि आपल्या पपया पडद्यावर दिसल्या पाहिजेत अशी अट घातली. (त्या दिसतात. बी-बियाण्यांच्या दुकानात पपया का, हे कोणी विचारलेले नाही.) हा प्रसंग मी आधीच्या दोन्ही खेळांत पाहिलाच नव्हता, पहिल्यात मी मान खाली घालून शहादेवाचे दोष लिहीत होतो, दुसऱ्यात घंटा सांभाळत होतो.

प्रसंग असा. मुलगा घर सोडून शहराच्या गाडीत बसला आहे. बाप दुकानाचे शटर ओढतो. कुलूप लावतो. ओढून पाहतो. चार पावले जातो, थांबतो, परत येतो आणि कुलूप पुन्हा ओढून पाहतो. मग मुलगा रोज जिथे मोटारसायकल घेऊन उभा असायचा त्या जागेकडे बघतो, आणि पायी निघतो. संपले. संगीत नाही, संवाद नाही, ड्रोन नाही. अख्ख्या चित्रपटात याच्याइतका संथ प्रसंग दुसरा नाही. माझा हात घंटेवर होता. मागे आतापर्यंत "वाजवा" म्हणून ओरडणारे लोक होते. कोणी ओरडले नाही. मी घंटा उचलली नाही, आणि का उचलली नाही, याचे कारण मला लगेच देता आले नाही. असे माझे फार क्वचित होते.

खेळानंतर मी रामला विचारले, की कुलूप दुसऱ्यांदा ओढण्याची ही कल्पना कोणाची. त्याने वायर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न पाहता उत्तर दिले.

"आमचे आप्पा तसंच करतेत की, मामा. मी रोज गाडीवर बसून बघायचो."

तेव्हा निष्कर्ष. नायक वाईट आहे. नायिका घाईत आहे. गती चुकली आहे, आणि जेथे ती बरी वाटते तेथे तिचे श्रेय एका पितळी वस्तूकडे जाते. या आधारावर आपला करार तंतोतंत लावायचा, तर राम पाडव्याला दुकानात बसला पाहिजे. परंतु प्रमुख भूमिका कोणती, हेच मी चुकीचे धरले होते, आणि मूळच चुकले तर पुढची पायरी कितीही नेटकी असली तरी उपयोग नसतो. या चित्रपटात प्रमुख भूमिका शहादेवाची नाही. ती आपली आहे. आपण ती रोज संध्याकाळी करता, आणि तिचा प्रेक्षक आपल्याच मोटारसायकलवर बसलेला होता. ज्या पोराने ती इतके लक्ष देऊन पाहिली आणि कुठे काही कापू नये हे ज्याला माझ्या आधी कळले, त्याला दुकानात काय दिसायचे राहिले आहे, ते मला सांगावे.

विजयमालेस आशीर्वाद. हे पत्र रामला दाखवू नये; त्याला शहादेवाविषयीची माझी मते ठाऊक आहेत, पण खाजामियाँविषयीची नाहीत, आणि शिष्याला सगळे एकदम सांगू नये.

आपला मेहुणा,
बबनराव

ता. क. : मांजरसुंब्याला माझ्या घंटेचा लोळा निखळून पडला आणि जत्रेतल्या खुळखुळ्यासारखा आवाज येऊ लागला. आपल्या देवघरातली घंटा विजयमालेकडून मागून घ्यावी. ती कशासाठी हवी, ते तिला सांगू नये.

ता. क. : नव्या भित्तिपत्रकावर रामने माझे नाव शहादेवाच्या वर छापले आहे. हे तर्काला धरून नाही, असे मी त्याला बजावले. अक्षरही बारीक आहे, हेही बजावले.

ता. क. : येत्या रविवारी दुपारी चार वाजता युसूफ वडगावला, आपल्या दुकानाच्या मागच्या मंगल कार्यालयात खेळ आहे. राम आपल्याला बोलावणार नाही. मात्र प्रत्येक खेळात तो माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवतो आणि दिवे जाताना तिच्याकडे पाहतो. दुकान थोडे लवकर बंद करावे. कुलूप त्या दिवशी एकदाच ओढून पाहावे. दुसऱ्यांदा ओढायला परत फिरलात, तर सुरुवात चुकेल.

ता. क. : आपण एका शब्दात उत्तर मागितले होते, ते राहूनच गेले.

या.